कंपनी मोठी की सरकार? (आणि आमच्या कॉम्प्लेक्सात एकच इंटरनेट का?)

घोडबंदरी_मीरा

घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड आलाय: 'एन्व्हिडिया ही एकटी कंपनी अख्ख्या भारतापेक्षा मोठी! आता सरकारं नावापुरती, राज्य कंपन्यांचं.' भाऊजींनी खाली हात जोडलेले इमोजी टाकलेत. कौतुक आहे की शरणागती, विचारायची सोय नाही. घरचे जावई पडले.

फॉरवर्ड मी सोडून दिला असता, पण नेमकं आत्ताच आमच्या कॉम्प्लेक्सात इंटरनेटवरून भांडण पेटलंय. घोडबंदर रोडला राहतो. बिल्डरने ताबा देण्याआधीच एका कंपनीशी करार करून ठेवलेला, डक्टमधून केबल फक्त त्यांची. दुसऱ्या कंपनीचा माणूस गेटवर आला की सिक्युरिटीवाला म्हणतो, "ऑर्डर नाय मॅडम." समोरच्या बिल्डिंगमध्ये तीन-चार कंपन्या आहेत, दर कमी, आणि नेट गेलं तर दुसऱ्या दिवशी माणूस हजर. आमच्याकडे तक्रार नंबर मिळतो, माणूस मिळत नाही.

तर दोन प्रश्न. कंपन्या खरंच सरकारांपेक्षा मोठ्या झाल्यात का? आणि मक्तेदारी मोडायचे कायदे आहेत म्हणतात, त्यातला एखादा कासारवडवलीच्या गेटपर्यंत पोचतो का?

पक्षांची आणि पुढाऱ्यांची नावं न घेता लिहा, ही विनंती.

शेंगदाणा_कूट

शेवटच्या ओळीमुळे धागा दहा प्रतिसादांत आटोपणार.

खारेगाव_टोलनाका

मीराताई, त्या फॉरवर्डमध्ये दोन वेगळ्या जातीचे आकडे शेजारी बसवलेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये एन्व्हिडियाचं बाजारमूल्य ५ लाख कोटी डॉलरवर गेलं हे खरं. पण ते म्हणजे सगळे शेअर त्या दिवशीच्या भावाने धरले तर होणारी रक्कम. भारताचे साधारण ४ लाख कोटी डॉलर म्हणजे देशात एका वर्षात तयार झालेलं उत्पन्न. एक आहे मालमत्तेची किंमत, दुसरी वर्षाची मिळकत. भारत विकायला काढला तर किती येतील हे कुणी मोजलेलं नाही, मोजूही नये.

विक्रीची तुलना जरा बरी, पण तिथेही फसगत आहे. जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात वॉलमार्टची विक्री सुमारे ६८ हजार कोटी डॉलर होती. आपल्या केंद्र सरकारचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ५०.६५ लाख कोटी रुपयांचं, म्हणजे साधारण ५९ हजार कोटी डॉलर. झालं, वॉलमार्ट दिल्लीपेक्षा मोठी! पण वॉलमार्ट जे विकते त्यातलं बहुतेक आधी दुसऱ्याकडून विकत घेतलेलं असतं. स्टेशनबाहेरच्या वडापाववाल्याचा गल्ला ही त्याची कमाई नसते. पाव बेकरीचा, बटाटा वाशीचा, तेल वाण्याचं. जीडीपी मोजताना त्याने स्वतः घातलेली भर तेवढी धरतात. कंपनीलाही तोच नियम लावायला हवा.

तो लावला की चित्र कसं बदलतं पाहा. वॉशिंग्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर पॉलिसी स्टडीजने २००० साली कंपन्यांची विक्री आणि देशांचा जीडीपी असा हिशेब मांडून सांगितलं की जगातल्या १०० मोठ्या अर्थव्यवस्थांपैकी ५१ कंपन्या आहेत. हा आकडा आजही फिरतो. २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अंक्टाड या व्यापार-विकास संस्थेने मूल्यवर्धन, म्हणजे ही स्वतः घातलेली भर, धरून हिशेब केला, तर कंपन्या निघाल्या २९. एक्सॉन ही तेल कंपनी ४५ व्या नंबरावर, पाकिस्तानच्या आसपास.

शेंगदाणा_कूट

म्हणजे वडापावमधलं मूल्यवर्धन ती लाल चटणी. समजलं. पुढे.

सेक्टर_१९_ऐरोली

खारेगाव, हिशेब पटला, पण २९ म्हणजे काही कमी झाले का? शंभरातले २९! पाकिस्तानात तेव्हा १४-१५ कोटी लोक होते, आणि एक्सॉनला मतदार एकही नाही.

माझी बस रोज घणसोलीला रिलायन्सच्या कॅम्पसवरून जाते. २०२४-२५ मध्ये त्या समूहाची एकूण विक्री १०.७१ लाख कोटी रुपये. महाराष्ट्र सरकारचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७ लाख कोटींच्या घरातलं. तुमच्या नियमाने विक्रीतून कच्च्या तेलाचा खर्च वजा करू, ठीक. नफा तरी ८१ हजार कोटींच्या आसपास राहतो. राज्याच्या ७ लाख कोटींतला मोठा हिस्सा पगार, पेन्शन आणि व्याज यांतच बांधलेला असतो. कंपनीचं संचालक मंडळ एका बैठकीत ठरवू शकतं की अमुक हजार कोटी अमुक धंद्यात घालायचे. मंत्रालयाला तेवढ्यासाठी अधिवेशन, पुरवणी मागण्या आणि दोन वर्षं लागतात. एकूण रक्कम कुणाची मोठी यापेक्षा हातात मोकळी किती, ते बघा.

जुना_नौपाडा

ठाण्यात बसून हा प्रश्न नवा वाटावा याचं नवल वाटतं. डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्याचा किल्ला मराठ्यांकडून घेतला तो कुठल्या राजाने नव्हे, एका सनदी, म्हणजे राजाच्या परवान्याने चालणाऱ्या, कंपनीने: ईस्ट इंडिया कंपनीने. आज त्याच किल्ल्यात सेंट्रल जेल आहे. मुंबई तर १६६८ मध्येच वर्षाला १० पौंड भाड्याने कंपनीला मिळाली होती.

पण पूर्ण गोष्ट बघा. ३१ डिसेंबर १६०० ला व्यापाराचा मक्ता दिला राणी एलिझाबेथने. बंगालची दिवाणी हातात येऊनही कंपनी १७७२ मध्ये कर्जबाजारी झाली, तेव्हा १४ लाख पौंडांचं कर्ज देऊन वाचवली ब्रिटिश सरकारने, आणि बदल्यात १७७३ च्या कायद्याने पहिला लगाम घातला. १८१३ मध्ये भारताच्या व्यापाराचा मक्ता काढून घेतला संसदेने. चहा आणि चीनचा उरला होता तो १८३३ मध्ये. १८५८ ला राज्यच काढून घेतलं. जगातल्या सगळ्यात बलाढ्य म्हणवल्या गेलेल्या कंपनीची ही पत्रिका. स्वतःचं सैन्य होतं तिच्याकडे, आणि तरीही तिला संपवायला लंडनमध्ये एक कायदा पुरला.

सेक्टर_१९_ऐरोली

काका, दोनशे वर्षांनी! मधल्या काळात आपलं काय झालं ते आपण शाळेत शिकलो.

जुना_नौपाडा

ऐरोली, तेच तर म्हणतोय. कंपनी आणि सरकार ही समोरासमोरची दोन पारडी नाहीत. खासदारांकडे कंपनीचे शेअर होते, कंपनीचे माजी नोकर संसदेत बसत. दोन्हीकडे तीच माणसं असली की लगाम घालायला पिढ्या लागतात.

आणखी एक, आपल्या स्टेशनचं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी आली ती जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) या खासगी कंपनीची. भागधारकांना ५ टक्के परताव्याची सरकारी हमी होती. नफा कमी पडला तर भरपाई हिंदुस्थानच्या तिजोरीतून. कंपनीला काटकसर करायचं कारणच उरलं नाही. १९२५ मध्ये ती सरकारने चालवायला घेतली.

डॉलर_भाऊ (न्यू जर्सी, मूळ चरई)

इकडचा अनुभव सांगतो. १९११ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने स्टँडर्ड ऑइल फोडली, ३४ तुकडे केले. रॉकफेलर त्यानंतर आणखी श्रीमंत झाला, कारण सगळ्या तुकड्यांत त्याचे शेअर आणि ते वेगवेगळे जास्त भावाने विकले जाऊ लागले. त्यातले दोन तुकडे, एक्सॉन आणि मोबिल, १९९९ मध्ये पुन्हा एकत्र आले. टेलिफोनवाली ए.टी. अँड टी. १९८४ मध्ये फोडली. तिच्याच एका पिल्लाने, एस.बी.सी.ने, २००५ मध्ये आईला विकत घेतलं आणि आईचं नाव लावून घेतलं.

गूगलचं ताजं. ऑगस्ट २०२४ मध्ये कोर्टाने निकाल दिला की सर्चमध्ये मक्तेदारी बेकायदा टिकवली. सगळ्यांना वाटलं आता क्रोम विकायला लावणार. सप्टेंबर २०२५ मध्ये उपाय आला, क्रोम राहू दे, डेटा थोडा वाटा.

तात्पर्य काढत नाही, फक्त सांगतोय की तोडण्याचा जोर वर्षागणिक कमी होत चाललाय.

मोठं_ते_खोटं_नव्हे

इथे सगळे एका सुरात गाताहेत म्हणून बेसूर होतो. मोठी कंपनी वाईट कशी, ते कुणी सांगेल का? सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं तेव्हा एका जीबीला दोनशेच्या वर मोजत होतो. दहाबारा छोट्या कंपन्यांची 'स्पर्धा' होती ना तेव्हा? काय दिवे लागले? मोठा आला, भाव पडला, ठाण्याच्या भाजीवालीच्या हातात व्हिडिओ कॉल आला. हे भांडवल आणि धाडस छोट्याच्या आवाक्यातलं नाही.

आणि ज्यांना जुना काळ गोड वाटतो त्यांच्यासाठी: १९६९ चा एम.आर.टी.पी., म्हणजे मक्तेदारीविरोधी, कायदा. मालमत्ता २० कोटींच्या वर गेली की कारखाना वाढवायला सरकारची परवानगी. ही मर्यादा १९८५ मध्ये १०० कोटी केली, १९९१ मध्ये ती अटच काढली. तोवर स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून थांबायचं. मोठं होऊ न देण्याची किंमत गिऱ्हाईकाने भरली.

खारेगाव_टोलनाका

@मोठं_ते_खोटं_नव्हे, अर्धं मान्य. पुढचं अर्धं तुम्ही गाळलंत. त्या दहाबारा कंपन्यांचं आता काय झालं? उरल्या तीन खासगी आणि एक बीएसएनएल. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने दर वाढवले, ११ ते २५ टक्क्यांच्या पट्ट्यात. तिसरी कंपनी मरू नये म्हणून सरकारने स्पेक्ट्रमचं येणं शेअरमध्ये बदलून घेतलं आणि एप्रिल २०२५ पर्यंत व्ही (व्होडाफोन आयडिया) मध्ये जवळजवळ ४९ टक्के भाग सरकारचा झाला. म्हणजे बाजारात तीन खेळाडू दिसावेत यासाठी एकाला सलाइन लावून उभं केलंय, आणि सलाइनचे पैसे तुमचे-माझे.

भाव पडला तो स्पर्धा लागली तेव्हा. कंपनीच्या आकाराचं श्रेय त्यात किती, ते तुम्हीच ठरवा.

मोठं_ते_खोटं_नव्हे

आणि ती स्पर्धा लावली कुणी? मोठ्याने. वर्तुळ पूर्ण.

शेंगदाणा_कूट

दहावर गेला धागा, मी पैज हरलो. कुणाशी लावली होती ते आठवत नाही.

वकीलीणबाई

मीरा, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळेचना, म्हणून लिहिते. (कोर्टातून निघून कोपरी पुलावर अडकले आहे, टायपो चालवून घ्या.)

आधी मूळ गोष्ट. वर म्हटलेला एम.आर.टी.पी. कायदा आकारालाच संशयित धरायचा. त्याच्या जागी स्पर्धा कायदा, २००२ आला. त्याची मुख्य कलमं लागू झाली २० मे २००९ ला. कलम ३ म्हणजे आपसात साटंलोटं करून भाव ठरवणं. कलम ४ म्हणजे वर्चस्वाचा गैरवापर. नीट वाच: वर्चस्व असणं हा गुन्हा नाही, ते वापरून दुसऱ्याचं दार बंद करणं हा आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला अँड्रॉइडच्या अटींवरून १,३३७.७६ कोटी आणि त्याच महिन्यात प्ले स्टोअरवरून ९३६.४४ कोटी दंड लावला तो याच कलमाखाली. मार्च २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने पहिला दंड कायम ठेवला, आयोगाचे काही आदेश मात्र रद्द केले. मोबाइलमध्ये आधीच भरून येणारी अ‍ॅप्स आणि सर्च यांबाबत गूगलला भारतात काही अटी सैल कराव्या लागल्या. म्हणजे सरकारी हात अगदीच लुळा नाही.

लुळा पडतो तो वेळेत. सिमेंट कंपन्यांच्या साटंलोट्याचा दंड ६ हजार कोटींच्या वर, पहिला आदेश २०१२ चा. तो प्रक्रियेच्या मुद्द्यावर रद्द होऊन २०१६ मध्ये पुन्हा निघाला, २०१८ मध्ये न्यायाधिकरणाने उचलून धरला, आणि गाडी सुप्रीम कोर्टात गेली. दरम्यान किती बिल्डिंगी उभ्या राहिल्या, घोडबंदर रोडवर मोजून घे.

आता तुझं गेट. वर्चस्व ठरवायला आधी 'संबद्ध बाजार', म्हणजे वर्चस्व नेमकं कुठल्या बाजारात मोजायचं ते, ठरवावा लागतो. एक कॉम्प्लेक्स म्हणजे बाजार, हे आयोगाच्या गळी उतरवणं कठीण. समोरचा वकील म्हणेल, ठाण्यात हवी तेवढी घरं होती, तुम्ही हेच का घेतलंत? बिल्डर मंडळींना या कायद्याची झळ लागलीच नाही असं नाही, २०११ मध्ये डीएलएफला ६३० कोटींचा दंड झाला होता, पण तिथे बाजार अख्ख्या गुडगावमधल्या महागड्या घरांचा धरला होता. तुझ्यासाठी आयोग नको. तुला हवी आहे सोसायटीची सर्वसाधारण सभा. सोसायटी नोंदली आहे का? बिल्डरने हँडओव्हर दिला आहे का? कराराची प्रत कुणी पाहिली आहे का?

घोडबंदरी_मीरा

ताई, सोसायटी नोंदली आहे, हँडओव्हर झालाय, कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं) नाही. कराराची प्रत कमिटीलाही दिलेली नाही म्हणतात. सेक्रेटरी म्हणतात, "आपण कशाला बिल्डरच्या वाटेला जा, लिफ्टची कामं अडतील."

वकीलीणबाई

प्रत लेखी मागा, आरपीएडीने (पोचपावतीच्या रजिस्टर पोस्टाने). डक्ट आणि शाफ्ट ही सामाईक जागा आहे. ताबा सोसायटीकडे आल्यावर तिथून कुणाची केबल न्यायची हे बिल्डरच्या जुन्या करारावर कायमचं बांधून ठेवणं सोपं नाही. ट्रायने २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीसाठी तारांकन देण्याचे नियम केले, त्यात सगळ्या कंपन्यांना भेदभाव न करता प्रवेश ही गोष्ट मोजली जाते. सक्तीचं नाही ते, पण सभेत फडकवायला कागद चांगला आहे. विशेष सभेची नोटीस पाच पूर्ण दिवसांची, विषयपत्रिकेत ठराव स्पष्ट लिहा. 'ऐनवेळचे विषय' मध्ये टाकलात तर पडलाच म्हणून समजा.

हिरानंदानी_नाही_पातलीपाडा

आमच्याकडे यावर उपाय आपोआप झाला. खिडकीबाहेर बसवायचं ५जी वायरलेस कनेक्शन आलं, केबलच लागत नाही. पाच-सहा घरांनी घेतलं तशी केबलवाल्या कंपनीला आमची आठवण झाली, दर खाली, साहेब स्वतः सोसायटीच्या ऑफिसात चहाला. ठराव-बिराव काही नाही.

मोठं_ते_खोटं_नव्हे

बघा! तंत्रज्ञान मक्तेदारी मोडतं, कायदा नाही.

वकीलीणबाई

ते ५जी कोणत्या कंपन्या देतात? वर खारेगावने मोजलेल्या तिघांतल्याच दोन. शुभेच्छा.

मार्केट_गाळा_वाशी

हा सगळा सुशिक्षित लोकांचा धागा आहे, तरी एक लिहितो. आमची एपीएमसी, म्हणजे बाजार समिती, ही मक्तेदारीच होती, कायद्याने केलेली, १९६३ च्या. माल इथेच उतरवायचा, लिलाव इथेच. हेतू चांगला होता, शेतकऱ्याला गावचा सावकार-व्यापारी लुटू नये. मग आम्हीच ते व्यापारी झालो असं पेपरवाले म्हणतात. जुलै २०१६ मध्ये फळं-भाजीपाला नियमनातून काढला आणि आडत (दलाली) शेतकऱ्याकडून कापायची नाही, खरेदीदाराकडून घ्यायची असं झालं. बाजार समिती बुडेल असं म्हणाले. बुडाली नाही. पहाटे येऊन ट्रक बघा. थेट विकायची मुभा असूनही माल इथे येतो, कारण इथे रोखीने पैसे, रोज भाव फुटतो, न विकलेला माल परत घेऊन जावा लागत नाही.

दहा मिनिटांत पोचवणाऱ्या अ‍ॅपवाले आमच्याकडूनही उचलतात आणि शेतावरूनही. ते एक दिवस सगळाच माल शेतावरून उचलतील तेव्हा भाव कोण फोडणार, ते माहीत नाही. लिलावात निदान दहा माणसं बोली लावतात आणि शेतकरी समोर उभा असतो.

सेक्टर_१९_ऐरोली

हा धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. (सुशिक्षित लोकांनी नोंद घ्यावी.)

नेरुळ_पश्चिम

विमानतळाचा विषय कुणी काढत नाही, मी काढतो. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला, आमच्या गच्चीवरून दिवे दिसतात, आनंद आहे. आता मालकी बघा. ७४ टक्के अदानी समूह, २६ टक्के सिडको. सांताक्रूझ-सहारचा विमानतळ? तोच समूह. महानगराला दोन विमानतळ, चालवणारा एकच.

लंडनमध्ये हीच स्थिती होती. हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, तिन्ही बीएए या एका कंपनीचे. २००९ मध्ये तिथल्या स्पर्धा आयोगाने सांगितलं, गॅटविक विका, स्टॅनस्टेड विका, स्कॉटलंडमधलाही एक विका. त्याच वर्षी गॅटविक विकलं, पुढे एडिंबरा, २०१३ मध्ये स्टॅनस्टेड. आपल्याकडे उलटा नियम होता: मुंबईचा विमानतळ जो चालवतो त्याला नवी मुंबईच्या निविदेत वरच्या बोलीच्या १० टक्क्यांच्या आत असला तर बरोबरी करून काम घ्यायची सवलत. करारातच लिहिलेली. तेव्हा मुंबई दुसऱ्या समूहाकडे होती, पुढे त्या समूहाचा विमानतळांचा धंदा, दोन्ही विमानतळांसकट, अदानींकडे गेला. म्हणजे मक्तेदारीला वाट करून देणारं कलम सरकारी करारातच होतं.

मोठं_ते_खोटं_नव्हे

दोन विमानतळ वेगळ्या मालकांचे असते तर पहिल्या मालकाने दुसरा उभाच राहू दिला नसता, कज्जेदलालीत वीस वर्षं गेली असती. तशीही गेलीच म्हणा.

पनवेल_फास्ट

विमानतळ राहू द्या, विमानांचं बोला. किंगफिशर २०१२ मध्ये बंद, जेट एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये, विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन. इंडिगो एकटी साठ टक्क्यांच्या वर. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम पाळता येईनात म्हणून त्यांची हजारो उड्डाणं रद्द झाली. सरकारने काय केलं? एका हाताने भाड्यावर कमाल मर्यादा घातली, दुसऱ्या हाताने त्याच कंपनीला विश्रांतीच्या नियमांतून तात्पुरती सूट दिली. सरकार मोठं की कंपनी, एकाच आठवड्यात दोन्ही उत्तरं.

सेक्टर_१९_ऐरोली

+१. नियम मोडला म्हणून छोटी कंपनी बंद करता येते. साठ टक्क्यांवाली बंद केली तर संसदेचे अर्धे खासदारच दिल्लीला पोचणार नाहीत.

डॉलर_भाऊ

चीनचं उदाहरण राहिलं. नोव्हेंबर २०२० मध्ये अलिबाबाशी संलग्न अँट ग्रुपचा शेअर बाजारात यायच्या दोन दिवस आधी थांबवला. जगातला सर्वांत मोठा आयपीओ होणार होता. एप्रिल २०२१ मध्ये अलिबाबाला १८.२ अब्ज युआन दंड. कंपनीने आभार मानले, अक्षरशः निवेदन काढून. याउलट फेब्रुवारी २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाने बातम्यांचे पैसे द्या असा कायदा आणला तर फेसबुकने तिथल्या सगळ्या बातम्याच बंद केल्या. आरोग्य खात्याची आणि अग्निशमनाची पानंसुद्धा गेली त्यात. आठवड्याभरात सरकारने कायद्यात दुरुस्त्या केल्या.

जुना_नौपाडा

चीनसारखा धाक हवा असं म्हणणाऱ्यांनी हाही विचार करावा की तसं सरकार उद्या कंपनीऐवजी तुमच्या दाराशी आलं तर तुम्ही दाद कुठे मागणार.

शेंगदाणा_कूट

सोसायटीच्या सेक्रेटरीकडे.

धागा-देखरेख

विमानतळावरून दोन प्रतिसाद उडवले आहेत. मूळ विनंती वाचा: नावं नकोत.

मुंब्रा_बायपास

सगळे आकाशात आहेत म्हणून जमिनीवरचं सांगतो. वीज. ठाणे, नवी मुंबईत महावितरण, दुसरा पर्याय नाही. आमच्या कळवा-मुंब्रा-शीळ भागात मार्च २०२० पासून टोरंट आहे, भिवंडीत २००७ पासून. बरेच लोक याला 'खासगी स्पर्धा' म्हणतात. स्पर्धा कसली? ही फ्रँचायझी आहे. परवाना महावितरणचाच, वसुली आणि देखभाल कंत्राटाने दुसऱ्याकडे. गिऱ्हाईकाला आधीही एकच दुकान होतं, आताही एकच आहे. पाटी बदलली.

मोठं_ते_खोटं_नव्हे

मग खरी स्पर्धा येऊ द्या ना. वीज कायदा २००३ मध्ये एकाच भागात दुसऱ्या वितरकाला परवाना देता येतो. मुंबई उपनगरात २००९ पासून वायर एकाची आणि वीज दुसऱ्याची असं चालतं. २०२२ मध्ये अदानींच्या कंपनीने भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, उरणसाठी समांतर परवाना मागितला तर जानेवारी २०२३ मध्ये वीज कर्मचाऱ्यांनी संप केला, त्याच दिवशी चर्चा होऊन मिटला. स्पर्धा नको म्हणून संप, आणि इथे सगळे स्पर्धेचे भक्त!

मुलुंडचा_पण_मुंबईचा

आमचं दुःख कुणी विचारा. महापालिका मुंबईची, वीज महावितरणची. दादरचा मित्र दर विचारतो तेव्हा मी विषय बदलतो.

खारेगाव_टोलनाका

@मोठं_ते_खोटं_नव्हे, समांतर परवान्याचा मुद्दा इतका सरळ नाही. तो भाग कोणता मागितला ते बघा. ठाणे-बेलापूर पट्टा, तळोजा, डेटा सेंटर, मॉल, टॉवर. म्हणजे जास्त दराने वीज घेणारी आणि वेळेवर बिल भरणारी गिऱ्हाइकं. महावितरण या लोकांकडून जास्त घेतं आणि त्यातून शेतीपंप, गरीब घरं यांचा दर खाली ठेवतं. क्रॉस सबसिडी. ही गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे गेली की महावितरणकडे यवतमाळ आणि गडचिरोली उरणार, दर तिकडचे वाढणार. घोडबंदरला बिल दोनशे रुपयांनी उतरेल, पंपवाल्याचं काय ते बोला.

मोठं_ते_खोटं_नव्हे

पंपवाल्याला मदत सरकारने अंदाजपत्रकातून उघड द्यावी. ऐरोलीच्या कारखान्याच्या बिलात का लपवायची? लपवलेली मदत किती ते कुणालाच कळत नाही, आणि गळतीही तिच्याच नावावर खपते. ही मक्तेदारीचीच सोय आहे, फक्त मालक सरकार आहे म्हणून आपण तिला समाजकार्य म्हणतो.

सेक्टर_१९_ऐरोली

आज पहिल्यांदा तुमच्याशी अंशतः सहमत. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

मुंब्रा_बायपास

२०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज मोफत आहे, त्याचे पैसे राज्य सरकार भरतं. म्हणजे काही भाग आला की अंदाजपत्रकात. कारखान्यांचा दर त्या मानाने उतरला का, ते कुणी कारखानेवाला असेल तर सांगा.

रबाळे_एमआयडीसी

आहे मी, वाचत होतो. आमचा छोटा युनिट आहे, इंजेक्शन मोल्डिंगचा. युनिटचा दर, डिमांड चार्ज, वीज शुल्क, सगळं वेगळं काढून लिहावं लागेल, नुसता एकच आकडा टाकला तर इथे पुन्हा वडापाव होईल. गेल्या दोन वर्षांची बिलं फाइलला आहेत. उद्या दिवसभर डाय ट्रायल आहे, रात्री बसून टाकतो. तोवर धागा कुलूपबंद करू नका.